फॉर्ममध्ये आधीच भरलेलं उत्तर कोणाचं?

दरवर्षी १ जून उजाडला की व्हॉट्सअॅपवर एकच विनोद फिरतो: आज निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस. घरातल्या साठी ओलांडलेल्या माणसांचे दाखले काढून बघा. अब्बांची जन्मतारीख १ जून, चाचांची १ जून, शेजारच्या पाटलांचीही १ जून. यात जातधर्माचा फरक नाही. पूर्वी मूल शाळेत घालायला नेलं की गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? आई सांगायची, भाताची कापणी चालली होती. आमच्याकडे सांगायचे, बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी, नाहीतर ताबूत उठले त्या रात्री. गुरुजींच्या रजिस्टरला दिवस, महिना आणि वर्ष लागायचं. शाळा जूनमध्ये उघडायची आणि प्रवेशाचं वय जूनलाच मोजायचं, म्हणून अंगावरून वय धरून वर्ष लिहायचं आणि पुढे १ जून टाकायचा.

गुरुजींनी वाईट हेतूने केलं नाही. मुलाचा प्रवेश अडू नये म्हणूनच केलं. पण त्या एका ओळीचा हिशेब ५० वर्षांनी होतो. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. म्हणून दरवर्षी ३१ मे रोजी राज्यात कितीतरी कार्यालयांत एकाच दिवशी निरोप समारंभ होतात. दिवाळीत जन्मलेला माणूस मे महिन्यात घरी बसतो. आमच्या समाजात तर नावच साक्ष देतं. एखाद्याचं नाव रमजान, जन्म रमजानमधला म्हणून ठेवलेलं. दाखल्यावर १ जून १९७०. त्या साली रमजान नोव्हेंबर महिन्यात होता.

या १ जूनला कॉम्प्युटरच्या भाषेत 'डिफॉल्ट' म्हणतात. तुम्ही काही सांगितलं नाही तर जे उत्तर धरलं जातं ते. गुरुजी गेले, रजिस्टर गेलं, आता कॉम्प्युटर आला. डिफॉल्ट मात्र राहिलं. आधारच्या नोंदणीत जन्मतारखेचा पुरावा नसेल तर नुसतं वय सांगूनही नोंद होते. अशा वेळी वयावरून वर्ष काढलं जातं आणि त्याला १ जानेवारी जोडली जाते. २०१७ साली उत्तराखंडात हरिद्वारजवळच्या गैंडी खाता गावाची बातमी आली होती. तिथल्या वन गुज्जर मुस्लिम वस्तीत शेकडो लोकांच्या आधार कार्डावर वाढदिवस एकच, १ जानेवारी. लोक हसले. पण ज्याला वयाचा पुरावा द्यायचा असतो तो हसत नाही.

हे सगळं लिहायला कारण घडलं ते आमच्याच जमातीत. माझा एक माजी विद्यार्थी पुण्यात कॉम्प्युटर शिकतो. दिवाळीच्या सुट्टीत गावी आला तेव्हा जमातीच्या मंडळींनी त्याला सांगितलं, सगळ्या कुटुंबांची नोंद करायला काहीतरी बनव. कोणाची मुलं कितवीत आहेत, कोणाला कसले दाखले लागणार, कोणाची पेन्शन अडली आहे, हे एका ठिकाणी पाहिजे. इंटरनेटवर चालणारं नको, कारण गगनबावड्यात जून ते सप्टेंबर पाऊस असा कोसळतो की लाइट आणि रेंज दोन्ही पाहुण्यासारखे येतात. म्हणून त्याने लॅपटॉपवर चालणारं डेस्कटॉप अॅप केलं. चांगलं केलं. माहिती भरायला मी बसलो, कारण मास्तरला फॉर्म भरायची सवय असते असा सगळ्यांचा समज आहे.

काम लवकर व्हावं म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं, जे बहुतेकांचं सारखं आहे ते आधीच भरून ठेवू. गाव गगनबावडा. जिल्हा कोल्हापूर. जन्मस्थळ गगनबावडा. मातृभाषा उर्दू. प्रवर्ग खुला. हे शेवटचं मीच सांगितलं. तो म्हणाला, "सर, सबका खुला डालूं?" मी म्हणालो, टाक, वेगळं असेल तर बदलू.

बदललं नाही. रात्री दहा वाजता पस्तिसावं कुटुंब भरताना डोळे फक्त रिकामे रकाने शोधतात. भरलेल्या रकान्यावरून नजर घसरून पुढे जाते. पुढे दहावीनंतरच्या प्रवेशासाठी जातीचे दाखले कोणाला काढायचे आहेत त्याची यादी काढली, तर यादीत कोणीच नाही. मंडळी खूश, म्हणाली काम नाही. पण आमच्यात तांबोळी आहेत, बागवान आहेत, नदाफ आहेत. या बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. मुस्लिम म्हणजे खुला प्रवर्ग, हा समज माझ्याच डोक्यात होता आणि माझ्या डोक्यातून तो अॅपच्या रकान्यात उतरला. एका मुलीच्या घरी हे कळलं तेव्हा डिप्लोमाच्या प्रवेशाचे दिवस संपत आले होते. जातीचा दाखला, मग नॉन क्रिमीलेअर, दोन्हींसाठी तहसीलच्या फेऱ्या. तिला त्या वर्षी खुल्या प्रवर्गातूनच फॉर्म भरावा लागला. घरच्यांनी मला काही बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर आम्ही दोघं पुन्हा बसलो आणि एकेक रकाना तपासला. जे समजलं ते इथे मांडतो. अॅप बनवणाऱ्या आपल्या मुलामुलींना ते उपयोगी पडेल, आणि ज्यांचा फॉर्म दुसरा कोणीतरी भरतो त्या आईबापांना जास्त.

पहिली गोष्ट, डिफॉल्ट वाईट नसतं. नोंद कोणत्या दिवशी केली ते कॉम्प्युटरला ठाऊक असतं, तिथे आजची तारीख आपोआप यावी. राज्य महाराष्ट्र, सध्याच्या पत्त्याचा जिल्हा कोल्हापूर, हे भरून ठेवायला हरकत नाही. चुकलं तरी पत्ता वाचताना लगेच डोळ्यात भरतं आणि कोणाचं नुकसान होत नाही. शैक्षणिक वर्षही आपोआप यावं, पण ते अॅपने तारखेवरून काढावं. पोराने '२०२४-२५' असं कायमचं लिहून ठेवलं होतं. जून आला की ते खोटं ठरणार, आणि शाळेच्या कामात खोटं ठरलेलं वर्ष सापडायला पुढचा जून उजाडतो.

जन्मस्थळाचं उदाहरण बघा. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. गगनबावड्याच्या सुना कोणी करूळ घाट उतरून वैभववाडीच्या, कोणी राधानगरीच्या, कोणी पन्हाळ्याच्या. बाळंतपण अवघड असलं तर कोल्हापूरला सीपीआर. म्हणजे गगनबावड्यात राहणाऱ्या मुलांपैकी किती जण गगनबावड्यात जन्मले? पहिली मुलं तर क्वचितच. आणि १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्म जिथे झाला तिथेच त्याची नोंद होते, आईबाप राहतात तिथे नाही. अॅपमध्ये जन्मस्थळ गगनबावडा दिसलं की माणूस इथल्या ग्रामपंचायतीत जाणार, तिथे नोंद सापडणार नाही, आणि नोंदच झाली नाही असं समजून उशिराच्या नोंदणीच्या मागे लागणार. खरी नोंद घाटाखालच्या एखाद्या ग्रामपंचायतीत बसलेली असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायदा लागू झाला आहे. त्या दिवसापासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्म दाखला हाच जन्माचा पुरावा. त्यामुळे हा रकाना आता पूर्वीपेक्षा जड झाला आहे. तो रिकामाच हवा.

मधल्या नावाची गंमत वेगळी. अॅपमध्ये कुटुंबप्रमुखाचं नाव सगळ्यांना मधलं नाव म्हणून आपोआप लागत होतं. मुलामुलींना ते बरोबर. पण नातवाच्या नावामागे दादाचं नाव लागलं म्हणजे नातू दादाचा मुलगा झाला आणि स्वतःच्या बापाचा भाऊ! छापील यादी मस्जिदीत लावली तेव्हा जुम्म्याच्या नमाजनंतर जी हसाहस झाली ती विचारू नका. सुनेचं तर आणखी अवघड. आपल्याकडे कितीतरी बायकांच्या कागदांवर अजून वडिलांचंच नाव आहे आणि ते शरियतीलाही धरून आहे. काहींच्या आधारवर नवऱ्याचं नाव, दाखल्यावर वडिलांचं. तिचं नाव तिच्या कागदावरून बघून लिहायचं, कॉम्प्युटरच्या तर्काने नाही. आडनावाचंही तसंच. आडनाव सांगता आलं नाही की 'शेख' लिहून मोकळं व्हायचं, ही जुन्या रजिस्टरांची रीत. एकाच आजोबांचे तीन नातू, एकाच्या दाखल्यावर शेख, दुसऱ्याच्या मुजावर, तिसऱ्याच्या जमादार, अशी घरं मी शाळेत पाहतो. शेख हा आडनावांतला १ जूनच म्हणायचा.

आता तांत्रिक खोडी सांगतो, कारण ती पुष्कळांना माहीत नसते. विंडोजवर अॅप बनवताना तारखेचा जो तयार रकाना मिळतो तो मुळात रिकामा राहतच नाही. हात लावला नाही तर त्यात आजची तारीख असते आणि तीच साठवली जाते. आमच्या पहिल्या यादीत काही मुलं ज्या दिवशी मी माहिती भरली त्याच दिवशी जन्मली होती. त्या रकान्याशेजारी टिक लावायची छोटी चौकट ठेवण्याची सोय असते. टिक नसेल तर तारीख दिलेली नाही असं धरायचं. पोराने एका ओळीत ते केलं. एक्सेलचंही असंच. दुसऱ्या कागदावरून रिकामा रकाना सूत्राने ओढला की तिथे शून्य येतं आणि तारखेच्या रूपात ते १९०० सालच्या जानेवारीतली ० तारीख म्हणून दिसतं. एखाद्या यादीत कोणी सव्वाशे वर्षांचं दिसलं तर तो म्हातारा नसतो, तो रिकामा रकाना असतो.

शून्य आणि रिकामं यांतला फरक उत्पन्नाच्या रकान्यात सगळ्यात महाग पडतो. उत्पन्न शून्य म्हणजे विचारलं आणि काही नाही असं कळलं. रिकामं म्हणजे अजून विचारलंच नाही. अॅपने आपण होऊन शून्य भरलं की दोन्ही घरं एकाच रांगेत येतात. मग जकातीच्या वाटपात रोजगार बुडालेल्या विधवेचं घर आणि ज्याच्या घरी आपण गेलोच नाही असा दुकानदार एकाच यादीत.

रिकामं ठेवायचं म्हटल्यावर काही अॅपवाले दुसऱ्या टोकाला जातात. सगळे रकाने सक्तीचे करतात, भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मग माणूसच डिफॉल्ट बनतो. फोन नंबर नाही? दहा वेळा ९ दाबा. तारीख नाही? १ जानेवारी. जुन्या गुरुजींचीही हीच अडचण होती, त्यांच्या रजिस्टरमध्ये 'माहीत नाही' लिहायला जागाच नव्हती. म्हणून आमच्या अॅपमध्ये आता जन्माच्या रकान्याला तीन वाटा आहेत: पूर्ण तारीख कागदावरून, फक्त वर्ष, किंवा माहीत नाही. शिवाय तारीख कशावरून लिहिली तेही नोंदवायचं: जन्म दाखला, शाळेचा दाखला, आधार की घरच्यांचं सांगणं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या प्रकरणात वय ठरवताना आधारऐवजी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची जन्मतारीख धरली. म्हणजे तारीख कुठून आली हे तारखेइतकंच महत्त्वाचं.

माणूस भरलेलं उत्तर बदलत नाही, हे अमेरिकेत मोजून पाहिलेलं आहे. ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शे या दोघांनी २००१ साली एका मोठ्या कंपनीचा अभ्यास छापला. निवृत्तीच्या बचत योजनेत नवे कर्मचारी स्वतः फॉर्म भरून सामील व्हायचे तेव्हा जवळपास ४९ टक्के लोक यायचे. नियम उलटा केला, नाव आपोआप घातलं, नको असेल त्याने काढून घ्यायचं, तर ८६ टक्के राहिले. योजना तीच. आणि त्यातले बहुतेक कंपनीने आधी ठरवलेल्या ३ टक्के कपातीवरच थांबले, ना कमी ना जास्त. शिकलेली, पगारदार माणसं ही. मग आपल्या मोहल्ल्यातली खाला काउंटरच्या पलीकडच्या स्क्रीनवर काय भरलंय ते बदलेल, अशी आशा कशाला धरायची?

डिफॉल्ट कुठे ठेवावं याचा सगळ्यात मोठा किस्सा अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातला आहे. मॅक्समाइंड नावाची कंपनी कुठला कॉम्प्युटर कुठे आहे त्याचा अंदाज विकते. ज्याच्याबद्दल फक्त 'अमेरिकेत कुठेतरी' इतकंच ठाऊक, त्याला द्यायला त्यांनी देशाच्या मधोमधचा एक बिंदू निवडला, अक्षांश ३८, रेखांश उणे ९७. तो बिंदू पॉटविन गावाजवळच्या एका शेतातल्या घरावर पडला. सुमारे ६० कोटी इंटरनेट पत्ते त्या एका घराच्या नावावर. चोरी, फसवणूक, आत्महत्येची धमकी, काहीही झालं की पोलीस आणि अॅम्ब्युलन्स त्या शेतात. घरच्यांना वर्षानुवर्षं कळेना की आपलं पाप काय. २०१६ साली हे वर्तमानपत्रांत आलं तेव्हा कंपनीने तो बिंदू उचलून एका तलावाच्या मधोमध नेऊन ठेवला. डिफॉल्ट ठेवायचंच असेल तर असं ठेवावं की पाहणाऱ्याला लगेच कळेल, हे खरं उत्तर नाही. शेतातलं घर खरं वाटतं म्हणून फसवतं. १ जूनही खरा वाटतो.

निवडीच्या यादीतही हेच ध्यानात ठेवावं. पुरुष-स्त्री, विवाहित-अविवाहित, धर्म, मातृभाषा, अशा याद्यांत पहिलं नाव आधीच निवडलेलं असतं आणि तेच चिकटतं. यादीच्या वर 'निवडा' असं कोरं पान हवं. मातृभाषेत आम्ही उर्दू भरली होती, पण घरोघर विचारलं तर कोणी मराठी सांगितलं, कोणी कोकणी, आणि एक आजी म्हणाली, "अपन तो अपनी बोली बोलतें बेटा, उसका नाम क्या?" राखाडी अक्षरात नमुना दाखवायची पद्धत आहे, 'उदा. ०९/०३/२०१५' अशी, तीही रकान्याच्या आत नको. वयस्कर माणसाला तो रकाना भरलेला वाटतो. नमुना रकान्याच्या बाहेर, शेजारी लिहा. आणि 'माझा नंबर ग्रुपवर टाकायला हरकत नाही' अशी टिक आधीच लावून ठेवू नका. युरोपच्या न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितलं की आधी लावलेली टिक म्हणजे संमती नव्हे, आणि आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही संमती माणसाने स्वतः कृती करून द्यायची आहे.

आईबापांसाठी एवढंच. महा ई-सेवा केंद्रात किंवा शाळेच्या ऑफिसात फॉर्म भरून झाला की स्क्रीन आपल्याकडे वळवून घ्या, भीड बाळगू नका. तुम्ही ज्याबद्दल काही सांगितलंच नाही आणि तरी जे भरलेलं दिसतंय, ते आधी वाचा. मूल शाळेत आहे तोवर दाखल्यातली चूक मुख्याध्यापकांकडे पुराव्यासह अर्ज करून दुरुस्त होऊ शकते. शाळा सोडल्यावर तेच काम फार अवघड होतं. आधारमधली जन्मतारीख साधारण एकदाच बदलता येते, तेव्हा घाईने दुसरी चुकीची तारीख घालू नका. आधी जन्म दाखला हातात घ्या.

आमच्या अॅपमध्ये पोराने आणखी एक बटण केलं आहे. ते दाबलं की प्रत्येक रकान्यात कुठलं उत्तर सगळ्यात जास्त वेळा आलंय ते दिसतं. जन्मतारखेत १ जून अर्थातच सगळ्यात वर. त्या यादीतल्या घरी जाऊन आम्ही एकेकाला विचारतो. कागद बदलायला नाही, नुसतं खरं काय ते लिहून ठेवायला. मागच्या रविवारी एका चाचांकडे गेलो. दाखल्यावर १ जून १९६८. मी म्हणालो, ही गुरुजींची तारीख. त्यांची मोठी बहीण आतून म्हणाली, कोयनेचा जलजला झाला तेव्हा हा अम्मीच्या पोटात होता, आणि झाला तो बारावफातीच्या आसपास. भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. १९६८ सालची बारावफात काढून बघितली, तर ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निघाली.

म्हणजे चाचांची तारीख जवळपास खरीच. ते खूश झाले, चहा सांगितला. पोराने मात्र 'कशावरून' या रकान्यात 'घरच्यांचं सांगणं' निवडलं आणि 'अंदाजे'वर टिक ठेवली.